शाकारलेल्या होड्या: पावसाळा २०२३ च्या प्रकल्प नोंदी

२९ मे, सर्जेकोट

होड्या वर ओढायला सुरुवात झाली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. बिगरयांत्रिक होड्यांना कायद्याने मोकळीक आहे, पण मिरगाच्या समुद्रात वल्ह्यांवरची होडी घालणार कोण? त्यामुळे लहानमोठ्या सगळ्याच आता माडांच्या मुळांपर्यंत येऊन बसतात. भोवती वासे रोवले जातात, त्यावर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप चढतात, वरून दोरी आवळली जाते. मग नारळी पौर्णिमा येईपर्यंत होडी जागची हलत नाही.

या वर्षी हेच काढायचं. मालवण तालुक्यात देवबागपासून आचऱ्यापर्यंत, किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या होड्या. एका होडीचा एक फोटो.

पद्धत लिहून ठेवते, म्हणजे ऑगस्टमध्ये मन इकडेतिकडे ओढ घ्यायला लागलं की वाचता येईल. एकच लेन्स, ३५ मिमी. कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. होडी आडवी, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुकाणूपर्यंत पूर्ण. क्षितिज चौकटीत बरंच वर, आकाशाला जेमतेम पट्टी. मळभाचा उजेड. रंगीत. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातला रंगांचा तोल, डेलाइटवर (दिवसाच्या उन्हाच्या मापावर) ठेवायचा आणि तिथून हलवायचा नाही.

३५ मिमीचं कारण हौशीचं नाही, हिशेबाचं आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, ३६ मिमी रुंद असतो. त्यामुळे या लेन्समधून जितक्या अंतरावर उभं राहावं, जवळजवळ तितकीच रुंदी चौकटीत मावते. आठ मीटरची होडी असेल तर मी तिच्यापासून आठ मीटरवर असते. घरासमोरच्या खळ्याच्या एका टोकाला उभं राहून पडवीतल्या माणसाशी आवाज न चढवता बोलावं, ते हे अंतर. २४ मिमी लावली तर मला पुढे सरकावं लागेल, आणि जवळची बाजू फुगून नाळ अंगावर आल्यासारखी दिसेल. ८५ मिमी लावली तर सर्जेकोटला मागे सरता सरता पाण्यात जाईन.

हे नियम या कामासाठी मुद्दाम केलेले नाहीत. आठवडा बाजार असो, देवळाची पडवी असो की चिऱ्याची खाण, माझे पाय आपोआप याच अंतरावर थांबतात. पूर्वी मला वाटायचं की ही सवय आहे. आता मी तिला माझी शैली म्हणते, आणि ते म्हणताना मला संकोच वाटत नाही.

७ जून, दांडी किनारा

अरबी समुद्रातल्या वादळाला बिपरजॉय नाव मिळालंय. इथे पाऊस नाही, नुसत्या लाटा. वरून पांढरं, डोळे दिपवणारं ऊन. आज फोटो नाहीत. कुठली होडी कुठे आहे, तिच्यासमोर मागे सरायला किती जागा आहे, मध्ये विजेचा खांब येतो का, एवढंच वहीत टिपलं. जागा आधी पायाखालून गेली की कॅमेरा उचलल्यावर घाई होत नाही.

बंदरावर बरेच जण लाटांचे फोटो काढत होते. एका ओळखीच्याने मलाही बोलावलं: चांगली संधी आहे, लगेच खपेल. खपेल हे खरं आहे. पण लाटेपासून बोलायच्या अंतरावर उभं राहता येत नाही. तो फोटो मी काढला असता तर तो माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कुणाचाही ठरला असता.

१२ जून, तळाशील

मान्सून रत्नागिरीपर्यंत पोचल्याचं काल हवामान खात्याने जाहीर केलं. सकाळी आभाळ भरून आलेलं, सावली कुठेच नाही. या उजेडात होडीच्या पोटाखालचा अंधार आणि झापांवरची चमक यांतलं अंतर कमी होतं, दोन्हीकडचा तपशील हाती राहतो. कॅमेऱ्याची मापं: आयएसओ ४००, एफ ८, १/१२५. दिवसभर यात फारसा बदल करावा लागला नाही.

तळाशील म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. होडी, घर, विहीर, जाळी सुकवायची जागा हे सगळं एकमेकांच्या हाकेवर. एका होडीवर अजून झाप चढवायचे होते. घरच्या काकू खळ्यात बसून विणत होत्या. चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, आधी पाण्यात भिजत घालतात, नाहीतर पाती मोडतात. मग मधली शीर उभी चिरून दोन भाग करायचे आणि पात्यांत पाती अडकवत जायचं. त्यांचे हात थांबत नव्हते, बोलणंही थांबत नव्हतं.

“होडयेचो फोटो आता कित्याक काढतंस गो? ती निजली हा. दर्यात असताना काढ, कशी बरी दिसता बघ.”

मी म्हटलं, “निजलेल्या पोराक तुम्ही बघत बसत नाय काय?”

त्या हसल्या. “बघतंय तर. मगे काढ. पण तिका उठव नको.”

घरी येऊन हे वाक्य नियमांच्या पानावर लिहिलं. होडीला उठवायचं नाही. म्हणजे झाप सारखे करायचे नाहीत, समोरचं प्लॅस्टिकचं डबडं उचलायचं नाही, कुणाला शेजारी उभं करायचं नाही. फ्लॅश तर नाहीच.

रंगाबद्दल एक. होडी काळ्या-पांढऱ्यात काढ, जास्त भारदस्त दिसेल, असं मला अनेकांनी सांगितलंय. पण लाकडी होडीला काजूच्या टरफलाचं तेल चोपडतात, त्याचा काळपट तांबडा रंग असतो. झाप आधी हिरवे, मग पिवळे, मग तपकिरी आणि पावसाळा संपता संपता राखाडी होतात. ज्यांना झाप मिळत नाहीत किंवा विणायला माणूस नाही, त्यांच्या होडीवर निळी ताडपत्री. काळ्या-पांढऱ्यात ताडपत्री आणि झाप एकाच राखाडी रंगाचे होतील, आणि या किनाऱ्यावर काय बदलतंय तेच दिसणार नाही. छायाचित्रकार रघुबीर सिंह यांनी अख्खी कारकीर्द रंगीत फिल्मवर घालवली, तीही गंभीर छायाचित्रण म्हणजे काळं-पांढरंच असं मानायच्या काळात. त्यांचं काम पाहिल्यापासून हा वाद माझ्यापुरता मिटलेला आहे.

२० जून

पाऊस गेला कुठे? बिपरजॉय १५ तारखेला गुजरातेत जखाऊजवळ जमिनीवर आलं आणि त्याच्यामागे इथला मान्सून रेंगाळला. अमावास्येच्या उधाणाने दांडीला वाळू बरीच खाल्ली. दोन होड्या आणखी वर घ्याव्या लागल्या, त्यांच्या जागा वहीत बदलल्या.

रिकामा दिवस, म्हणून एक गोष्ट नीट लिहून काढते. एका तरुण फोटोग्राफरचा मेसेज आला होता: ताई, तुमचा प्रीसेट द्याल का? प्रीसेट म्हणजे संगणकावर फोटोंच्या रंग-उजेडात करायच्या बदलांची साठवलेली यादी. मी लगेच दिला. त्यात लपवण्यासारखं काही नाही. कॉन्ट्रास्ट थोडा कमी, हिरवा जरा मंद, सावल्या किंचित उघडलेल्या. त्याने तो आपल्या लग्नाच्या फोटोंना लावला आणि लिहिलं, तुमच्यासारखे दिसत नाहीत. दिसणार नव्हतेच. त्याचं काम त्याच्या जागी चांगलं आहे: तो माणसांच्या अगदी जवळ जातो, घामाचे थेंब मोजता येतील इतका. ते त्याचं आहे. त्यावर माझे रंग घातल्याने त्याची जवळीक फक्त मळकट झाली.

मी त्याला उत्तरात जे लिहिलं ते असं. तुझ्या आवडत्या जुन्या फोटोंचे रंग काढून टाक, चौकटीच्या कडा झाक, आणि बघ की सगळ्यांत एकच गोष्ट कोणती उरते. तू कुठे उभा होतास? किती वेळ थांबला होतास? कुणाला माहीत होतं की तू फोटो काढतोयस? उत्तरं सारखी येत असतील तर तुझी शैली तुझ्याकडे आधीपासून आहे. रंग तिच्यामागून येतात.

२८ जून, देवबाग

शनिवारपासून पाऊस लागून राहिला आहे. २५ तारखेला मुंबई आणि दिल्लीत मान्सून एकाच दिवशी पोचला. असं याआधी १९६१ मध्ये घडलं होतं.

कामाचे दिवस. एका हातात छत्री, कॅमेऱ्याला रेनकव्हर, खिशात सुती फडकी. इथल्या पावसात लेन्सवर पाण्यापेक्षा मीठ जास्त त्रास देतं. वाऱ्याबरोबर उडालेले खारट तुषार काचेवर बसतात, आणि सुकं फडकं फिरवलं की ते काचेवर घासले जातात. आधी साध्या पाण्याने ओलं केलेलं फडकं, मग सुकं. रात्री सगळं ड्रायबॉक्समध्ये, आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास. कोकणात लेन्सला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो.

देवबागला किनाऱ्याच्या आतल्या बाजूला कर्ली नदी. इथल्या होड्यांभोवती पर्यटनाच्या बोटीही ओढून ठेवलेल्या असतात. पिवळे-केशरी लाइफ जॅकेट एका दोरीवर टांगलेले दिसले, त्यांच्याखाली शाकारलेली होडी. रंग इतका भडक की नजर तिथेच जाते. दोन पावलं डावीकडे सरकले असते तर ते चौकटीबाहेर गेले असते. सरकले नाही. होडी त्या दोरीखालीच होती.

संध्याकाळी बेचर या जर्मन छायाचित्रकार दांपत्याची चित्रं पुन्हा पाहत बसले. बर्न्ड आणि हिला बेचर यांनी १९५९ पासून पुढची कित्येक दशकं पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे काढले. ढगाळ दिवस, समोरून, सपाट उजेडात, एकाच तऱ्हेने. मग ती चित्रं जाळीत शेजारीशेजारी लावली. एक टाकी पाहून काहीच कळत नाही. नऊ टाक्या शेजारी आल्या की प्रत्येकीचं नाकडोळ्यांचं वेगळेपण दिसायला लागतं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा त्याच पद्धतीने काढण्याचा धीर मला त्यांच्याकडून मिळाला. पण त्यांच्या चित्रांत माणूस नाही, माणसाची खूणही पुसलेली. माझ्या होडीवर कुणाचा तरी टॉवेल वाळत असतो. तो मला हवा आहे.

८ जुलै, मालवण

एका रिसॉर्टचं काम चालून आलं. पैसे चांगले, आणि पावसाळ्यात पैशाची गरज असते. त्यांच्या व्यवस्थापकांना आधी माझे फोटो दाखवले, कारण काम घेण्याआधी समोरच्याने माझी नजर पाहिलेली असावी असं मला वाटतं. त्यांनी नीट पाहिले. मग म्हणाले, “ताई, फोटो सुंदर आहेत. पण लोक कोकणात निळं पाणी आणि सूर्यास्त बघायला येतात. हे आभाळ तुम्हाला नंतर बदलता येईल ना?”

येईल. फोटोशॉपमध्ये २०२० पासून आकाश बदलायची सोय आहे, काही सेकंदांचं काम. मी नाही म्हटलं आणि कारणही सांगितलं. पश्चिमेकडे केशरी सूर्य चिकटवला तरी माडांच्या खोडांवर मळभाचाच उजेड राहतो, वाळू ओलीच राहते, आणि जुलैत येणाऱ्या पाहुण्याला पहिल्या दिवशी कळतं की त्याला खोटं दाखवलं. त्यांना सूर्यास्तच हवा असेल तर नोव्हेंबरात या, तेव्हा खरा मिळेल, असंही सांगितलं.

आम्ही भांडलो नाही. खोल्या, पडवी, स्वयंपाकघर हे माझ्याकडे आलं, बाहेरचं दुसऱ्या कुणाकडे. खोल्या मी ३५ मिमीनेच काढल्या, उभ्या माणसाच्या डोळ्यांतून. हॉटेलच्या खोल्या सहसा १६ मिमीने काढतात, त्यात दहा बाय बाराची खोली मैदान वाटते. माझ्या फोटोंत ती दहा बाय बाराचीच दिसते, पण खिडकीतून पागोळ्या दिसतात आणि गादीवर कुणीतरी झोपू शकेल असं वाटतं. व्यवस्थापकांना ते आवडले.

पोटासाठीचं काम आणि स्वतःचं काम वेगळं ठेवावं, असं सांगणारे बरेच आहेत, आणि त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर असेल. मला ते जमत नाही. नजर एकच असते. सकाळी एक आणि दुपारी दुसरी वापरली तर काही महिन्यांनी कुठली आपली ते हाताला आठवत नाही. त्यापेक्षा काम निम्मं घेतलेलं बरं.

१६ जुलै

पाऊस, पाऊस. आचऱ्याच्या होड्या पूर्ण. झाप काळे पडायला लागले.

१ ऑगस्ट, सर्जेकोट

बंदी काल संपली. मोठ्या यांत्रिक बोटींतल्या काहींची हालचाल सुरू झाली, बर्फ, डिझेल. लहान होड्यांवरचे झाप मात्र तसेच. त्यांचे मालक नारळी पौर्णिमेची वाट पाहतात, आणि या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे ती थेट ३० ऑगस्टला आहे. कायद्याचा आणि पंचांगाचा मुहूर्त यांत महिन्याचं अंतर पडलं. माझ्या दृष्टीने हा मिळालेला जास्तीचा महिना आहे.

१३ ऑगस्ट, दांडी

मिळालेला महिना कोरडा निघाला. आभाळ स्वच्छ, ऊन ऑक्टोबरसारखं. झापांवर कडक सावल्या पडतात, होडीच्या पोटाखाली काळं भोक. राहिलेल्या होड्या अजून बऱ्याच आहेत, आणि माझ्या नियमांच्या यादीत मळभ लिहिलेलं आहे.

आता खरा प्रश्न पुढे आला. ढग नसतील तर माझी शैलीही नाही का? मग ती माझी कसली, ती तर जुलैची!

दोन दिवस कॅमेरा न घेता किनाऱ्यावर वेगवेगळ्या वेळी जाऊन बसले. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणून फोटो काढणारे सगळे संध्याकाळी येतात. सकाळी कुणी नसतं, कारण सकाळी इथे ऊनच नसतं. सूर्य मागे, डोंगर आणि माडांच्या बागांच्या पलीकडे असतो. उजाडल्यानंतरही बराच वेळ अख्खी वाळू आणि तिच्यावरच्या होड्या माडांच्या सावलीत असतात, आणि वरून उघडं आभाळ मऊ, सारखा उजेड टाकत असतं. पाण्यावर ऊन पोचलेलं, वाळूवर नाही. ती रेघ हळूहळू किनाऱ्याकडे सरकते.

आज त्या सावलीत पहिली होडी काढली. अंतर तेच, उंची तीच. पोटाखालचा अंधार वाचता येतो. पद्धत टिकली.

माझ्या यादीतली प्रत्येक ओळ सारख्या वजनाची नाही, हे या महिन्याने दाखवलं. उजेड बदलता येतो, ऋतू तो बदलतोच. अंतर बदललं तर मात्र सगळंच जातं. ज्या अंतरावरून काकूंनी मला विचारलं की कित्याक काढतंस, त्या अंतराच्या आत किंवा बाहेर गेले तर ती होडी कुणाच्या तरी घरची राहणार नाही. फार जवळ गेलं की ती लाकडाचा पोत होते. फार लांब गेलं की निसर्गचित्रातला ठिपका.

२० ऑगस्ट

ऑगस्टचे फोटो जूनच्या फोटोंशेजारी लावले. निळे आहेत. साहजिक आहे: उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका वर तितका उजेड निळा; मळभाचा उजेड ६५०० केल्विनच्या आसपास असतो, आणि निरभ्र दिवसाच्या सावलीत फक्त निळ्या आभाळाचा उजेड पडतो, तो त्याहूनही वर जातो. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर बांधलेला, म्हणून फरक लपत नाही. झापांचा राखाडी रंग जुलैत कोमट होता, आता थंड आहे.

संगणकावर एक काटा सरकवला की सगळे एका रांगेत बसतील. दोन संध्याकाळी याच विचारात गेल्या. एकसारखेपणा म्हणजेच शैली, असं मानलं तर काटा सरकवायला हवा. पण एकसारखं राहायला हवं ते माझं उभं राहणं. या वर्षीचा ऑगस्ट कोरडा होता, तर चित्रांनी ते सांगायला हवं. निळा ठेवला.

३१ ऑगस्ट, मालवण

काल नारळी पौर्णिमा. बंदर जेटीवर तुफान गर्दी, नारळ लढवण्याच्या स्पर्धा, समुद्राला नारळ अर्पण. शेकडो मोबाइल वर धरलेले. मी सकाळी सावलीत दांडीला होते. झाप उतरत होते. खालची होडी तेल देऊन चकाकत होती, नाळेला झेंडूचा हार.

होडीचे मालक, सत्तरीच्या पुढचे आजोबा, जूनपासून मला पाहत होते. म्हणाले, “माका होडयेचो फोटो भिंतीर लावक व्हयो. पण झापातलो नको. हार घातलेलो, सगळ्यांबरोबर.”

काढला. आजोबा नाळेपाशी, मुलगा, सून, नातवंडं होडीच्या अंगाला लागून. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, नव्या कपड्यांत, ताठ. प्रकल्पाच्या नियमांत हा फोटो बसत नाही, पण मी आठ मीटरवरच उभी होते, आणि आजोबांशी तिथूनच बोलत होते. कुणी विचारलं तर हा फोटो माझा आहे असं मी छाती पुढे काढून सांगेन. मग शेजारच्या होडीवाल्यांनी बोलावलं, मग त्यांच्या शेजारच्यांनी. ज्यांच्या होड्या मी घेतल्या आहेत त्या सगळ्यांना हवा तो फोटो छापून द्यायचा, असं ठरवून टाकलं.

१९०१ पासूनच्या नोंदींत देशातला हा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी. निळा ठेवला ते बरोबर केलं.

११ सप्टेंबर

निवड. गणपती आठवड्यावर आलेत, घरात रंगकाम, आणि मी जमिनीवर छोट्या प्रिंट पसरून बसले आहे.

पुण्याच्या एका ज्येष्ठ छायाचित्रकारांना फाइल पाठवली होती. त्यांचं मत मी मनापासून मानते. ते म्हणाले, पाच-सहा पुरेत, बाकी तेच तेच आहे. मधे एक सूर्यास्त आणि एक ड्रोनचा फोटो टाक, बघणाऱ्याला श्वास घ्यायला जागा होईल.

पहिल्या भागातलं तथ्य घेतलं. जी होडी शेजारच्या चित्राहून वेगळं काहीच सांगत नाही ती काढून टाकली. प्रत्येक फोटोला विचारलं की तुझ्यात असं काय आहे जे बाकीच्यांत नाही. एकीवर दोरीच्या गाठी उलट्या. एकीच्या झापांत ताडपत्रीचं ठिगळ. एकीची उलांडी (तोल सांभाळणारं बाजूचं लाकूड) काढून मांडवाच्या वर ठेवलेली. एक फायबरची, तिला झापांची गरजच नव्हती, तरी वरून दोन टाकलेले. असे राहिले, बाकीचे गेले.

दुसऱ्या भागाला नम्रपणे नकार कळवला. ड्रोनमधून होडी सुंदर दिसते, पानासारखी निमुळती. पण तिथून तिच्याशी कुणी बोलत नाही, आणि तिथून तिला ओळखणारं या किनाऱ्यावर कुणी नाही. बघणाऱ्याला श्वास हवा असेल तर तो दोन चित्रांमधल्या भिंतीवर मिळेल. भिंत थोडी जास्त सोडेन.

८ ऑक्टोबर, तळाशील

गावातल्या देवळाच्या धर्मशाळेत प्रिंट लावल्या. ३० बाय ४५ सेंटीमीटर, मॅट सुती कागद, काच नाही. काचेत या हवेत आतून बाष्प धरतं, आणि बाहेरचं ऊन काचेवर पडलं की फोटोऐवजी बघणाऱ्याचा चेहरा दिसतो. उंची तीच, उभ्या माणसाच्या डोळ्यांची. बायकांना मान वर करावी लागत होती म्हणून दुपारी सगळ्या चार बोटं खाली घेतल्या.

प्रदर्शनाला पाहुणे, भाषण, फीत असं काही नव्हतं. लोक दुपारची कामं आटोपून आले. पहिल्या चित्राशी थांबून एकाने विचारलं, ही कोणाची? आणि तिथून सुरू झालं. होडी तर झापांखाली पूर्ण झाकलेली, नाव दिसत नाही, रंग दिसत नाही. तरी ते ओळखत होते. गाठीवरून: ही अशी गाठ फक्त आचऱ्याचे मारतात. झापांच्या विणीवरून. मागच्या विहिरीवरून. एका बाईंनी वाळत घातलेल्या टॉवेलवरून. काकू आपल्या होडीसमोर बराच वेळ उभ्या होत्या, मग शेजारणीला सांगत होत्या की डावीकडून तिसरो झाप नातीन इणलेलो, म्हणून तो वाकडो.

मला तो वाकडा दिसलाच नव्हता. पण तो चित्रात होता, वाचता येईल इतका स्पष्ट.

एका शाळकरी मुलीने विचारलं की या रांगेतले फोटो निळे का आहेत, बिघडले का? मी उत्तर देणार तेवढ्यात मागून एक आजोबा म्हणाले, “ते ऑगस्टातले. तेव्हा पाऊस खय होतो?”

संध्याकाळी कुटुंबांचे फोटो वाटले. पुढच्या वर्षी देवगड आणि विजयदुर्गची बाजू घ्यायची आहे. तिकडे बोटी मोठ्या, आणि जेट्टीवर दाटीने लागलेल्या. पंधरा मीटरच्या बोटीसाठी पंधरा मीटर मागे सरायला जागा आहे का, हे मे महिन्यात कॅमेरा न नेता बघून यायचं. जागा नसेल तर दुसरी लेन्स लावण्याऐवजी दुसरी बोट शोधेन.